मानमोडीची साथ, वर्तमानपत्रें आणि लोकांचें भय

इन्फ्ल्युएंझा हा शब्द आज शाळकरी मुलासहि ठाऊक आहे. १९१८ सालीं नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत तो बहुतेकांच्या कानांवरूनहि गेलेला नव्हता. त्या सालच्या भाद्रपद-आश्विनांत घरोघर जो ताप शिरला, त्यास लोकांनीं आपल्या अनुभवावरून नांव दिलें तें 'मानमोडी'. अंगांत कणकण भरे, डोकें फुटूं लागे, मान आणि पाठ मोडून येई. सकाळीं नांगर धरणारा धडधाकट मनुष्य दुपारीं घरीं येऊन अंथरूण धरी, आणि ज्याच्या छातींत दाह उतरला तो पुष्कळदां थोड्याच दिवसांत हातचा जाई. सरकारी कागदांत या रोगाचें नांव इन्फ्ल्युएंझा असें होतें, आणि इंग्रजी पत्रांत 'स्पॅनिश इन्फ्ल्युएंझा'. एकाच रोगाचीं हीं तीन नांवें. त्यांपैकीं पहिलें रोग्यानें दिलें, दुसरें वैद्यानें आणि तिसरें वर्तमानपत्रांनीं. आणि या तिसऱ्याचीच हकीकत आधीं सांगितली पाहिजे.

स्पेन देशाचा या रोगाच्या जन्माशीं संबंध असल्याचा पुरावा नाहीं. १९१८ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत फन्स्टन नांवाच्या लष्करी छावणींत शेंकडों शिपाई तापानें पडले, हा या साथीच्या आरंभींच्या नोंदींपैकीं एक ठळक दाखला होय. तेथून सैन्याबरोबर ती युरोपांत उतरली. परंतु इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी हे सर्व देश महायुद्धांत गुंतलेले. आपलें सैन्य तापानें फणफणलें आहे ही वार्ता शत्रूच्या कानीं जाऊं नये म्हणून तेथील पत्रांवर सरकारचा कडक पहारा होता. स्पेन तटस्थ होता. तेथें राजा आल्फोन्सो तेरावा मे महिन्यांत आजारी पडला, आणि तेथील पत्रांनीं ती हकीकत मोकळेपणानें छापली. जगानें वाचलें तें एवढेंच कीं रोग स्पेनमध्यें आहे. आणि रोग स्पॅनिश ठरला. ज्यानें खरें सांगितलें त्याच्याच माथीं आळ आला असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. शंभर वर्षें उलटलीं तरी तें नांव पुसलें गेलेलें नाहीं.

हिंदुस्थानांत ही साथ मुंबई बंदरावाटे आली. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांस घेऊन आलेलें एक जहाज बंदरास लागलें होतें. १० जून १९१८ रोजीं पोलिसांच्या दवाखान्यांत सात शिपाई तापानें दाखल झाले. त्यांपैकीं एक गोदीवर पहाऱ्यास असे. ताप हिवतापाचा नव्हता. पुढें थोड्याच दिवसांत गोदींतील हमाल, बँका, टपाल व तार कचेऱ्या, गिरण्या असा तो शहरभर फिरला. 'टाइम्स ऑफ इंडिया' नें जूनमध्येंच लिहिलें कीं शहरांत असें घर विरळा कीं जेथें कोणी अंथरुणावर नाहीं, आणि प्रत्येक कचेरी कारकुनांच्या गैरहजेरीबद्दल हळहळत आहे. या हळहळींत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पत्राच्या नजरेस रोग प्रथम आला तो कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीवरून. चाळीच्या खोलींत निजलेल्या गिरणी-कामगाराच्या बायकोपर्यंत ती नजर पोंचण्यास वेळ लागला.

जुलैच्या आरंभीं मुंबईंतील ही पहिली लाट ओसरूं लागली. सुमारें सोळाशें माणसें तिनें नेलीं. त्या काळच्या मुंबईस पटकी, देवी, प्लेग यांची इतकी संवय झालेली कीं या आंकड्यानें कोणी फारसें हादरलें नाहीं. म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी डॉक्टर टर्नर यांचा रोख जहाजांकडे व गोदीकडे होता, तर सरकारचें बोट शहराच्या गलिच्छ वस्तीकडे. हा वाद चालूं असतां रोगानें जरा विसांवा घेतला. त्या विसांव्यांत शहरांत एक मोठा समारंभ झाला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा अहवाल जुलैंत प्रसिद्ध झाला होता. त्याचा विचार करण्यास काँग्रेसचें खास अधिवेशन २९ ऑगस्टपासून मुंबईंत भरलें. प्रांतोप्रांतींचे प्रतिनिधि आले, सभा गाजली, आणि पुढें कित्येक आठवडे देशी पत्रांचे रकाने त्याच चर्चेनें भरले. त्यांत आश्चर्य नाहीं. स्वराज्याचा पहिला हप्ता घ्यावा कीं नाकारावा, हा प्रश्न त्या पिढीच्या जिव्हाळ्याचा होता.

सप्टेंबरांत ताप परतला तो निराळ्याच रूपानें. या खेपेस तो मुलांस व म्हाताऱ्यांस नेण्यापुरता थांबेना. वीस ते चाळीस या वयांतलीं, म्हणजे घरचीं कर्तीं माणसें त्यानें मुख्यत्वें उचललीं. ऐन नवरात्राच्या दिवसांत, ६ ऑक्टोबर रोजीं, एकट्या मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. स्मशानांत लांकूड पुरेना. त्याच दिवसांत बल्गेरियानें शस्त्र ठेविलें होतें, महिन्याअखेर तुर्कस्थानानें ठेविलें, आणि ११ नोव्हेंबरास जर्मनीचा पाडाव होऊन युद्ध संपलें. पत्रांत आधीं युद्धाच्या तारा, मग सुधारणांची चर्चा, मग महागाई, आणि त्या सर्वांच्या मागून ताप, असा साधारण क्रम राहिला. देशी पत्रें गप्प होतीं असें मात्र समजूं नये. लोक मरत असतां अधिकारी थंड हवेच्या ठिकाणांहून खालीं उतरत नाहींत असा ठपका कित्येकांनीं सरकारवर ठेविला. आणि तोहि १९१० च्या प्रेस ॲक्टाची तलवार डोक्यावर टांगलेली असतां.

मुंबईहून ताप आंत कसा गेला, याचें उत्तर अवघड नाहीं. तो आगगाडीनें गेला. सरकारी आरोग्यखात्याच्या अहवालानेंहि रेल्वेचा यांतील वांटा मान्य केला आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून जातो. मुंबईंत गिरणींत वा गोदींत पोट भरणारा घाटावरचा गडी आजाराच्या धाकानें गांवीं निघाला, कीं तो या गाडीनें नगरास उतरे आणि तेथून पायीं किंवा बैलगाडीनें गांव गांठी. टपालाच्या थैल्या त्याच गाडींत असत, आणि त्या थैल्यांत वर्तमानपत्रें असत. म्हणजे रोग आणि रोगाची बातमी हीं एकाच डब्यांतून आलीं. रोग मात्र स्टेशनावर थांबला नाहीं. बातमी बहुधा थांबली.

नगर शहराच्या पश्चिमेस सोळा-सतरा किलोमीटरांवर हिवरे बाजार हें गांव आहे. डोंगरांच्या कुशींत, पर्जन्यछायेंत, जेथें सालाचा सरासरी पाऊस चारशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर पडतो, अशा गांवांपैकीं तें एक. १९१८ सालीं अशा गांवांत वर्तमानपत्र येणें म्हणजे काय होतें, याची कल्पना एका आंकड्यावरून येईल. १९२१ च्या शिरगणतींत सबंध हिंदुस्थानांत शंभरांतील सुमारें सात माणसें साक्षर होतीं. शहरें वगळलीं तर खेड्यास काय उरलें असेल, तें सांगावयास नको. गांवांत कोणी मास्तर किंवा कुलकर्णी असला तर तो चावडीवर आठवड्याचें पत्र वाचून दाखवी. नगर जिल्हा या बाबतींत अगदींच मागें होता असेंहि नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें 'ज्ञानोदय' हें पत्र १८४२ सालीं याच नगरांत काढिलें, आणि मुकुंदराव पाटील यांनीं १९१० पासून 'दीनमित्र' हें सत्यशोधक विचारांचें पत्र याच जिल्ह्यांत, पुढें नेवासें तालुक्यांतील तरवडी या खेड्यांत बसून, पन्नासांहून अधिक वर्षें चालविलें. खेड्यांतून निघालेलें आणि कुणब्याशीं त्याच्या भाषेंत बोलणारें पत्र ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. पण एका दिव्यानें सारा मुलूख कसा उजळावा?

त्यांत त्या वर्षीं पावसानें दगा दिला. नगर जिल्हा मूळचाच अवर्षणाचा. पीक बुडालें, धान्य व कापड दोन्ही युद्धामुळें आधींच महाग झालेलीं. अर्धपोटीं माणसास ताप आला म्हणजे काय होतें, हें सांगण्यास वैद्य लागत नाहीं. १९११ ते १९२१ या दशकांत नगर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. आजच्या भारताच्या सीमांत सांपडणाऱ्या मुलखाचा हिशेब केला तर तेथेंहि हेंच दिसतें: जितकीं दशकें शिरगणती झाली, त्यांत माणसें कमी झालीं असें हें एकच दशक.

मेलेल्यांची मोजदाद कशी झाली, हा भाग मोठा उद्बोधक आहे. गांवच्या मृत्यूची नोंद गांवकामगारांच्या दप्तरांत होई. रोगाच्या रकान्यांत पटकी, देवी, प्लेग यांस घरें होतीं, मानमोडीस नव्हतें. ती 'ताप' या सदरांत गेली. शिवाय लिहिणाराच जेथें अंथरुणाला खिळला, तेथें लिहावें कोणी? पुढें सरकारच्या आरोग्याधिकाऱ्यांनीं नेहमींच्या वर्षांतील मृत्यूंची सरासरी वजा करून उरलेल्या मृत्यूंवरून अंदाज बांधला तो प्रथम साठ लाखांचा. १९२१ च्या शिरगणतीनें तो सव्वा कोटीच्या घरांत नेला. अलीकडील लोकसंख्याशास्त्रज्ञ पावणेदोन कोटींच्या आसपास, कांहीं तर दोन कोटी म्हणतात. जगांत या साथीनें सर्वांत अधिक माणसें कोणत्या देशाचीं नेलीं, तर ती आपल्या. आणि मुंबई इलाखा हा त्या देशांत अतिशय पोळलेल्या प्रांतांपैकीं एक होता. हा सर्व आंकडा १९१८ च्या ऑक्टोबरांत कोणाहि संपादकापुढें नव्हता. त्याच्यापुढें होती आपल्या शहराची रोजची यादी, आणि बातमीदारांकडून येणारीं तुटक पत्रें. देश मरत आहे हें देशास ठाऊकच नव्हतें, असें विधान अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु सगळे आंकडे समोर ठेवून पाहिले तर दुसरें काय म्हणावें?

मरणानें सर्वांस सारखें लेखलें, असेंहि झालें नाहीं. मुंबई शहरांत या साथीनें हजारीं किती माणसें नेलीं याची जातवार नोंद झालेली आहे. युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९, आणि ज्यांस त्या काळीं अस्पृश्य व खालच्या जातीचे म्हणत, त्यांच्यांत ६१.६. आंकडा पुनः वाचून पाहावा. युरोपियनाच्या मानानें सातपटींहून अधिक. दाट वस्ती, उपास, औषधपाण्याचा अभाव आणि शुश्रूषेस कोणी नसणें, हीं त्याचीं कारणें. ज्यांस वाचतां येत नव्हतें, आणि ज्यांच्याविषयीं कोणी लिहीत नव्हतें, त्यांच्यांतच मरण सर्वांत जास्त झालें.

आतां येथें एक कोडें उभें राहतें. याच्या बावीस वर्षें आधीं, १८९६ सालीं, मुंबईंत प्लेग आला. पुढील वीस-बावीस वर्षांत त्यानें देशांत सुमारें एक कोटी माणसें मारिलीं. मानमोडीनें त्याहून अधिक माणसें अवघ्या तीन-चार महिन्यांत नेलीं. असें असून महाराष्ट्राच्या स्मरणांत प्लेग जितका खोल रुतला आहे तितकी मानमोडी नाहीं. प्लेगच्या कथा घरोघर सांगितल्या गेल्या, त्यावर लेख लिहिले गेले, खटले झाले. मानमोडी मात्र आजीच्या एखाद्या वाक्यांत आली आणि तेथेंच संपली.

याचें कारण मरणाच्या संख्येंत शोधून सांपडणार नाहीं. प्लेगच्या पाठोपाठ सरकार घरांत शिरलें. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँडसाहेबाच्या हाताखालीं गोऱ्या सोजिरांनीं घरें तपासलीं, माणसांस छावण्यांत नेलें, सामान जाळलें. देवघरापर्यंत बूट गेले. 'केसरी' नें त्यावर लिहिलें, २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, टिळकांस राजद्रोहाखालीं अठरा महिन्यांची शिक्षा झाली. लोकांस गांठीच्या तापाइतकेंच, कदाचित् अधिकच, तपासणीचें भय वाटे. आणि त्या भयास पत्रांनीं वाचा दिली. १९१८ सालीं सरकारनें हा धडा लक्षांत ठेविला आणि दुसऱ्या टोंकास गेलें. कोणाच्या घरांत कोणी शिरलें नाहीं, कोणास कोठें नेलें नाहीं. लोकांनीं लोकांची काळजी घ्यावी, असा एकंदर रोख. मुंबईंत ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगनें आणि इतर संस्थांनीं औषध, दूध, कांबळीं पोंचविलीं. त्यांचे उपकार मोठे, पण तीं माणसें घाट चढून किती खेड्यांस पुरणार? मानमोडींत भांडण करावें असें कोणी समोर नव्हतें, म्हणून तिची बातमी लहान झाली, आणि बातमी लहान म्हणून स्मृतीहि लहान.

रोगाच्या मुळाविषयींचें अज्ञान तर सार्वत्रिकच होतें. फायफर नांवाच्या जर्मन पंडितानें शोधिलेला एक जंतु या रोगाचा कर्ता समजला जाई. माणसाच्या इन्फ्ल्युएंझाचा खरा विषाणु इंग्लंडांत १९३३ सालीं हातीं लागला, आणि १९१८ च्या विषाणूची जुळणी पुनः प्रयोगशाळेंत होण्यास २००५ साल उजाडलें. तेव्हां १९१८ च्या पत्रांनीं अमुक छापलें नाहीं म्हणून त्यांस दूषण देण्यापूर्वीं, छापण्यास त्यांच्यापाशीं काय होतें, हेंहि पाहणें न्यायाचें होईल.

नव्वद वर्षांनीं पारडें पार फिरलें. त्याची चुणूक २००६ सालीं मिळाली. १८ फेब्रुवारी रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणु असल्याचें जाहीर झालें. देशांतील ती पहिली वेळ. लाखों कोंबड्या मारून पुरल्या. माणसांत एकासहि तो रोग जडल्याचें निष्पन्न झालें नाहीं. परंतु चित्रवाणीच्या पडद्यावर नखशिखांत पांढरीं वस्त्रें चढवून हिंडणारे लोक जे दिसले, त्यानें नवापूरपासून हजार मैलांवरील ताटांतूनहि कोंबडी व अंडें नाहींसें झालें. रेल्वेनें आपल्या जेवणांतून कोंबडी काढिली. कुक्कुटपालनावर कर्ज काढून बसलेल्या शेतकऱ्याचें काय झालें, ही बातमी आंतल्या पानावर आली.

मग आलें २००९. मेक्सिको व अमेरिका येथें एप्रिलांत नवा इन्फ्ल्युएंझा दिसला, आणि 'स्वाइन फ्लू' या नांवानें पृथ्वीभर गाजला. डुकराचें मांस खाऊन तो होत नसे. तरी ईजिप्तनें देशांतील डुकरें सरसकट मारण्याचें ठरविलें. जागतिक आरोग्य संघटनेनें एप्रिलच्या अखेरीसच तें नांव टाकून दिलें. लोकांनीं टाकिलें नाहीं. स्पेनवर जो अन्याय १९१८ सालीं झाला तो या वेळीं डुकरांवर झाला, असें कोणी म्हटलें तर त्यांत विनोदाइतकेंच तथ्य आहे. ११ जून रोजीं संघटनेनें ही जागतिक साथ असल्याचें जाहीर केलें. ३ ऑगस्टास पुण्यांत चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी या रोगानें दगावली. देशांतील तो पहिला मृत्यु.

पुढल्या पंधरवड्यांत पुण्यांत जें झालें, तें त्या शहरास प्लेगनंतर प्रथमच पाहावें लागलें. नायडू सांसर्गिक रुग्णालयासमोर पहांटेपासून रांगा लागत. साधें पडसें झालेला आणि खरोखर रोगी असलेला, दोघे एकाच रांगेंत तासन् तास एकमेकांस खेटून उभे. म्हणजे ज्यास रोग नव्हता त्यास तो मिळण्याची सोय भयानेंच करून ठेविली. मुखपट्ट्या दुकानांतून नाहींशा झाल्या आणि चढ्या भावानें विकल्या जाऊं लागल्या. ज्यास त्या मिळाल्या नाहींत त्यानें रुमाल बांधिला. पुणेरी मुली दुचाकीवर ओढणी बांधून हिंडतच असत, आतां सारें शहरच तोंड बांधून हिंडूं लागलें. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत शाळा-महाविद्यालयें आठवडाभर बंद झालीं, चित्रपटगृहें कांहीं दिवस बंद राहिलीं. मुंबईनेंहि तोच मार्ग धरिला. गोकुळाष्टमीच्या कित्येक दहीहंड्या रद्द झाल्या, आणि गणेशोत्सव होणार कीं नाहीं ही चिंता पडली. तोच १८९७ चा कायदा पुनः बाहेर काढून पुण्यांत तपासणी-केंद्रें उघडण्यांत आलीं. पुण्याची ही जुनी ओळख. मात्र या वेळीं कायद्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढिला नाहीं. उलट आणखी केंद्रें उघडा म्हणून लोक रस्त्यावर आले.

चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या दोन-अडीच वर्षांपूर्वींच सुरू झाल्या होत्या. महाराष्ट्रांत घडलेली ही त्यांची पहिली मोठी साथ. क्रिकेटच्या धावांप्रमाणें मृतांचा आंकडा पडद्याच्या कोपऱ्यांत धांवूं लागला, आणि तो बदलला कीं निवेदकाचा आवाज चढे. चूक कोठें होती, हें नीट पाहिलें पाहिजे. आंकडा खोटा नव्हता. परंतु तो कशाच्या मानानें मोठा, हें सांगितलें जात नसे. गणित शिकविणारास ठाऊक आहे कीं अंश लिहून छेद गाळला तर अपूर्णांक राहत नाहीं, केवळ भीति राहते. क्षयरोगानें त्याच काळीं देशांत वर्षाकांठीं दोन लाखांहून अधिक माणसें मरत. त्यांच्यासाठीं पडद्याच्या कोपऱ्यांत जागा नव्हती.

याचा पुढचा हिशेब फार बोलका आहे. २००९ सालीं या फ्लूनें देशांत ९८१ माणसें दगावल्याची नोंद झाली. २०१० सालीं १,७६३ दगावलीं. पण रांगा लागल्या नाहींत, शाळा बंद पडल्या नाहींत, रुमालहि सुटले. २०१५ सालीं रोग पुनः उसळला, ४२ हजारांवर रोगी आणि २,९९० मृत्यु. २००९ च्या तिप्पट. त्या वर्षीं बातम्या आल्या, थोडी गडबडहि झाली, परंतु २००९ च्या ऑगस्टची सर तिला नव्हती. रोग तोच होता, शहरें तींच होतीं. नवेपणा तेवढा गेला होता.

म्हणून २००९ च्या गोंगाटास सरसकट नांवें ठेवावींत काय? तसें करणें घाईचें होईल. त्या ओरड्यानेंच खाजगी रुग्णालयांस उपचाराची मुभा मिळाली, औषधाचे सांठे हालले, तपासणीच्या प्रयोगशाळा वाढल्या, आणि खोकतांना तोंडावर हात धरावा हें शंभर वर्षें पुस्तकांत असलेलें वाक्य लोकांच्या अंगवळणीं पडूं लागलें. १९१८ च्या नगर जिल्ह्यांत असा कोणी ओरडला असता तर कित्येक घरें वांचलीं असतीं. तेथें भय कमी होतें याचें कारण धैर्य नव्हतें. शेजारच्या तालुक्यांत काय चाललें आहे, हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

२०२० सालीं आलेली करोनाची साथ फ्लूची नव्हे; तिचा विषाणु निराळ्या कुळांतला. परंतु भयाच्या इतिहासांत तिला वगळतां येत नाहीं, कारण तींत वर्तमानपत्राचेंच भय लोकांस वाटलें. मार्चच्या अखेरीस मुंबईच्या विक्रेत्यांनीं पत्रें वांटण्याचें थांबविलें, आणि दोन महायुद्धांतहि जीं पत्रें निघत राहिलीं तीं कांहीं दिवस छापलींच गेलीं नाहींत. कागदावरून रोग येतो अशी समजूत पसरली होती. एप्रिलांत राज्य सरकारनें घरोघर पत्र टाकण्यास बंदी केली, आणि थोड्याच दिवसांत मुंबई-पुणें वगळून ती उठविली. तत्पूर्वीं कोंबडीनें करोना होतो अशी आवई भ्रमणध्वनीवरून फिरून पुनः कुक्कुटपालक बुडाले होते. आवई उठविण्यास आतां छापखाना लागेनासा झाला होता. हातांतलें यंत्र पुरे होतें.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नगर जिल्हा राज्यांतील अतिशय बाधित जिल्ह्यांत मोडत होता. हिवरे बाजारांतहि रोग शिरला. बारा-पंधराशें वस्तीच्या त्या गांवांत पन्नासांच्या आंतबाहेर माणसें बाधित झालीं. हें गांव तोंवर पाण्यासाठीं देशभर ठाऊक झालेलें होतें. पोपटराव पवार हे १९९० च्या सुमारास सरपंच झाल्यापासून तेथें बांधबंदिस्ती झाली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली गेली, शेतीसाठीं विंधण विहिरी घेण्यास मज्जाव झाला. त्याहून विशेष म्हणजे पावसाळा संपला कीं गांवांत किती पाणी मुरलें आणि किती शिल्लक आहे याचा ताळेबंद ग्रामसभेंत सर्वांपुढें वाचला जाई, आणि त्यावरून रब्बीस काय पेरावयाचें तें ठरे. आपल्या विहिरीचा आंकडा शेजाऱ्यापुढें उघड सांगणें ही साधी गोष्ट नव्हे. शेतकरी सहसा तें करीत नाहीं.

हीच रीत त्या गांवानें रोगास लावली. स्वयंसेवकांचीं पथकें घरोघर गेलीं, ताप व प्राणवायूचें प्रमाण पाहिलें, ज्याचा संशय आला त्याची चाचणी केली, बाधितास ताबडतोब निराळें ठेविलें, आणि गांवांत येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेविलें. कोण आजारी आहे हें गांवास ठाऊक होतें, आणि तो कोणाचा मुलगा हेंहि. आजार लपविण्यांत कांहीं लाभ उरला नाहीं, आणि चाचणीस जाण्यांत लाज उरली नाहीं. १८९७ च्या पुण्यांत तपासणीस येणारा परका आणि हातांत संगीन घेतलेला होता. येथें तो चुलत-भाऊ होता. मेच्या मध्यास गांवांत एकहि रोगी उरला नाहीं. ३० मे रोजीं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं राज्यास उद्देशून केलेल्या भाषणांत पोपटरावांचा उल्लेख केला आणि गांवोगांव हाच क्रम धरावा असें सांगितलें. बारा-पंधराशें वस्तीच्या गांवास जें साधलें तें बारा लाखांच्या शहरास जसेंच्या तसें साधेल, असें कोणी मानूं नये. शहरांत शेजारी कोण, हेंच माहीत नसतें.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस नगर जिल्ह्यानें एक निराळी बातमी देशास दिली. जिल्ह्यांत महिनाभरांत आठ हजारांवर मुलें बाधित झाल्याचा आंकडा बाहेर पडला, आणि तिसरी लाट मुलांवर तुटून पडली असा गवगवा सर्वत्र झाला. त्या महिन्यांत जिल्ह्यांतील एकूण बाधितांत मुलांचें प्रमाण शेंकडा दहा-अकरांच्या घरांत होतें, आणि लोकसंख्येंत मुलें याहून कितीतरी अधिक असतात. अधिकाऱ्यांनीं तसा खुलासाहि केला. गवगवा पहिल्या पानावर झाला होता, खुलासा तेथपर्यंत आला नाहीं. राज्यभर आईबाप धास्तावले, मुलें घरांत कोंडलेलीं राहिलीं.

हिवरे बाजार याच जिल्ह्यांत. तेथील पालकांनींहि ती बातमी वाचली असेल. पण गांवांत रोगी किती, याचें उत्तर त्यांस पत्रांत पाहावें लागत नव्हतें. जूनमध्यें पालकांच्या संमतीनें गांवानें आपली शाळा पुनः भरविली, मुलें अंतर राखून वर्गांत बसलीं. आणि १५ जुलैपासून करोनामुक्त गांवांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास राज्य सरकारनें परवानगी दिली.